भूचुंबकत्वात करिअर करायचं तर रोजचं काम काय असतं?

तुमची मुलगी साताऱ्यात बी.एस्सी.ला आहे, पुढे भूचुंबकत्वात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासात, जाईन म्हणते, आणि यात रोज करायचं काय असतं हे तुम्हाला कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मीही साताऱ्याचीच, वीस वर्षं हेच काम करतेय.

आमचं काम कातळापाशी सुरू होतं. यवतेश्वर घाटात रस्त्याकडेला दिसतो तो काळा कातळ म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवत 580 अंश सेल्सिअसच्या खाली आला, की त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा बसते. ती आम्ही वाचतो. पेट्रोलवरच्या ड्रिलने इंचभर जाडीचा कोअर, म्हणजे दगडाचा दांडा, कापायचा, एकाने हातपंपाने पाणी मारत राहायचं. कोअर अजून कातळातच असताना त्यावर पितळी नळी सरकवून दिशा आणि कल मोजायचा, कोअरवर दिशेचा बाण काढायचा आणि मगच तो उपसायचा. कातळ स्वतःच चुंबकीय, त्यामुळे होकायंत्र चुकू शकतं. म्हणून सूर्याची सावली आणि वेळही टिपतो. पहिल्या वर्षी मी घाईघाईत अकरा कोअर बाण न काढताच उपसले. दगड उत्तम होते, पण त्यांचं तोंड कुठे होतं हे कोण सांगणार? सगळे फेकावे लागले. त्या रात्री मी रडले होते.

दख्खनच्या याच कातळाचे नमुने केंब्रिजमधल्या एडवर्ड आयर्विंग या विद्यार्थ्याने 1951 मध्ये तपासले. त्यांतल्या चुंबकीय दिशेवरून भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून हजारो किलोमीटर सरकत आलाय, असं त्याला दिसलं. पण 1954 मध्ये त्याचा पीएच.डी.चा प्रबंध नाकारला गेला. तो ऑस्ट्रेलियाला गेला, मोजत राहिला, आणि 1965 मध्ये त्याच केंब्रिजने त्याला एस्सी.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी, दिली. चिकाटी म्हटलं की मला तोच आठवतो.

शिक्षणाचं म्हणाल तर भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्रात एम.एस्सी., आणि गणित पक्कं हवं. पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. अलिबागची वेधशाळाही त्यांचीच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजमापं बिघडणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं 1904 मध्ये तिकडे हलवली.

येत्या रविवारी तिला साधं होकायंत्र देऊन यवतेश्वर घाटात न्या. आधी कातळापासून दोन हात लांब धरून वाचायला सांगा, मग वेगवेगळ्या जागी कातळाला टेकवून. कुठे किती अंशांचा फरक पडतो ते वहीत लिहू दे, शेजारी वेळही.