वाचकांचे प्रश्न: पिक्सार आणि डिस्ने यांची बोलणी का फिसकटली?

प्रश्न: जानेवारी 2004 मध्ये पिक्सार या ॲनिमेशन कंपनीने आपले चित्रपट वितरित करणाऱ्या डिस्नेबरोबरची नव्या कराराची बोलणी थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा दोघांचे चित्रपट जोरात चालत होते. मग भांडण पैशाच्या वाटणीवरून झाले, की पिक्सारचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स आणि डिस्नेचे प्रमुख मायकेल आयझनर यांचे पटत नव्हते म्हणून? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण माझ्या मते मूळ वाद मालकीचा होता, आणि तो समजण्यासाठी आधीचे दोन करार पाहावे लागतात. 1991 मध्ये पहिला करार झाला तेव्हा पिक्सार ही तोट्यात चाललेली छोटी कंपनी होती आणि तिने पूर्ण लांबीचा एकही चित्रपट केलेला नव्हता. साहजिकच पैसा डिस्नेचा होता आणि अटीही डिस्नेच्याच होत्या. नोव्हेंबर 1995 मध्ये ‘टॉय स्टोरी’ प्रदर्शित झाला, त्यानंतर आठवड्याभरातच पिक्सारचे समभाग बाजारात आले आणि त्यातून सुमारे 14 कोटी डॉलर उभे राहिले. जॉब्स यांनी हे मुद्दाम त्याच सुमारास घडवून आणले, कारण निर्मितीचा निम्मा खर्च स्वतःच्या खिशातून करण्याची ताकद आल्याशिवाय नफ्यातला निम्मा वाटा मागता येणार नाही, हे त्यांना कळत होते.

फेब्रुवारी 1997 च्या दुसऱ्या करारात तसेच ठरले. पाच चित्रपट, खर्च निम्मा-निम्मा, आणि डिस्नेचे वितरण शुल्क व वितरणाचा खर्च वजा झाल्यावर उरणारा नफाही निम्मा-निम्मा. चित्रपटांवर दोघांचे नाव बरोबरीने झळकणार होते. मात्र वितरणाचे आणि वापराचे सर्व हक्क डिस्नेकडेच राहिले. पुढचा भाग काढताना पिक्सारला पहिली संधी मिळणार होती, पण तिने नकार दिल्यास डिस्ने तो स्वतः काढू शकत होती. शिवाय असे पुढचे भाग कराराच्या पाच चित्रपटांत मोजले जाणार नव्हते. थेट घरगुती व्हिडिओसाठी सुरू झालेला ‘टॉय स्टोरी 2’ पुढे चित्रपटगृहांसाठीचा मोठा चित्रपट झाला आणि 1999 मध्ये तुफान चालला, तरी पाचांचा आकडा त्यामुळे कमी झाला नाही. अर्धेलीने जमीन कसावी, निम्मे पीक घरी यावे, पण पुढच्या हंगामात तिथे काय पेरायचे हे दुसऱ्याने ठरवावे, अशी ही स्थिती होती.

म्हणून नव्या करारासाठी पिक्सारने वेगळाच पाया मांडला: सगळा खर्च आम्ही करू, चित्रपट आमच्या मालकीचे राहतील, वितरकाला फक्त वितरणाचे शुल्क मिळेल. इथवर डिस्नेने कदाचित ऐकून घेतले असते. पण जुन्या करारातले जे दोन चित्रपट अजून यायचे होते, ते ‘द इन्क्रेडिबल्स’ आणि ‘कार्स’ही नव्या अटींखाली घ्यावेत, असा पिक्सारचा आग्रह होता. ज्या नफ्यावर लेखी हक्क होता तो सोडून देणे डिस्नेला मान्य होणे कठीण होते, आणि त्या एका मुद्द्यावर आयझनर यांची बाजू मला चुकीची वाटत नाही. दहा महिन्यांच्या चर्चेनंतर 29 जानेवारी 2004 रोजी पिक्सारने बोलणी संपल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात पिक्सारच्या ‘फाइंडिंग नीमो’ला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

स्वभावाचा भागही नाकारता येत नाही. 2002 मध्ये आयझनर यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे जॉब्स यांच्याच ॲपल कंपनीच्या जाहिरातीवर चोरट्या प्रतींना उत्तेजन दिल्याची टीका केली होती आणि ती जॉब्स यांना झोंबली होती. त्यातच डिस्नेच्या घरातही कलह होता. संस्थापक वॉल्ट डिस्ने यांचे पुतणे रॉय डिस्ने यांनी नोव्हेंबर 2003 मध्ये संचालकपद सोडून आयझनर यांच्याविरुद्ध मोहीम उघडली, आणि मार्च 2004 च्या भागधारकांच्या सभेत सुमारे 43 टक्के मते आयझनर यांच्या बाजूने पडली नाहीत. संचालक मंडळाचे अध्यक्षपद त्यांना तेव्हाच सोडावे लागले, कंपनीचा कारभार मात्र त्यांच्याकडेच राहिला.

प्रश्न: मग ‘टॉय स्टोरी’तल्या वुडी, बझ यांसारख्या पात्रांचे काय झाले? ती ज्यांनी घडवली त्यांनाच परकी झाली का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: काही काळ तशीच वेळ आली होती. आधी एक खुलासा करायला हवा: 2004 मध्ये चालू करार मोडला नव्हता, त्याच्या पुढची बोलणी थांबली होती. ‘द इन्क्रेडिबल्स’ त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ठरल्याप्रमाणे डिस्नेनेच वितरित केला. ‘कार्स’ मात्र पिक्सारने नोव्हेंबर 2005 वरून जून 2006 वर नेला.

मधल्या काळात डिस्नेने आपला हक्क बजावायचे ठरवले आणि कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल येथे ‘सर्कल सेव्हन’ नावाचा वेगळा स्टुडिओ उभारला. तिथे मूळ चमूला वगळून ‘टॉय स्टोरी 3’ची पटकथा लिहिली जाऊ लागली. कायद्याने यात काहीही वावगे नव्हते. तरीही ज्यांनी त्या पात्रांचे डोळे, चाल आणि बोलण्याची ढब वर्षानुवर्षे घडवली, त्यांना हे दुरून पाहावे लागणे मला अत्यंत क्लेशदायक वाटते, आणि पिक्सारचा मालकीचा आग्रह कुठून आला होता हे इथेच पुरते स्पष्ट होते.

तिढा सुटला तो नेतृत्व बदलल्यावर. ऑक्टोबर 2005 पासून डिस्नेची सूत्रे बॉब आयगर यांच्याकडे आली. त्याआधी काही दिवस हाँगकाँगच्या डिस्नेलँडच्या उद्घाटनाची मिरवणूक पाहताना, अलीकडच्या दहा वर्षांतली लक्षात राहिलेली पात्रे जवळजवळ सगळी पिक्सारचीच आहेत, हे त्यांना जाणवले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 24 जानेवारी 2006 रोजी डिस्नेने सुमारे 740 कोटी डॉलरच्या समभागांच्या बदल्यात पिक्सार विकत घेण्याचा निर्णय जाहीर केला. पिक्सारचे एड कॅटमल आणि जॉन लॅसेटर यांच्याकडे डिस्नेच्या स्वतःच्या ॲनिमेशन विभागाचीही धुरा आली, सर्कल सेव्हन बंद झाला, आणि 2010 मध्ये आलेला ‘टॉय स्टोरी 3’ पिक्सारनेच नव्या कथेवर केला.

प्रश्न: आम्ही मित्र मिळून छोटा ॲनिमेशन स्टुडिओ चालवतो. एका वितरकाने आमच्या चित्रपटाचा संपूर्ण खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. करारात काय पाहावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर: सहीपूर्वी वकिलांना मसुदा दाखवाच, पण त्यांच्याकडे जाताना पुढील बाबी मनात ठेवा. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 17 नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्रपट केला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा ठरतो. म्हणजे गप्प राहिलात तर मालकी वितरकाकडे जाऊ शकते. कलम 19 प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखीच असावे लागते. मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास भारतापुरता. वितरक बहुधा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ असे शब्द घालतो, ते याचसाठी.

पात्रांच्या मूळ रेखाटनांचा हक्क चित्रपटापासून वेगळा नोंदवून ठेवा. पुढचा भाग, मालिका, खेळणी आणि पुस्तके यांचा प्रत्येकी स्वतंत्र उल्लेख करा. वितरकाने ठरावीक वर्षांत पुढचा भाग सुरू केला नाही, तर तो हक्क आपोआप तुमच्याकडे परत यावा, असे कलम मागा. नफ्याच्या टक्केवारीत थोडे कमी घ्यावे लागले तरी हे कलम सोडू नका.