फॉर्म म्हणजे आकार, रूप की घाट?

प्रश्न असा आला आहे: "मैत्रिणीच्या चित्रप्रदर्शनासाठी मराठीत चार ओळी लिहून द्यायच्या आहेत. चित्र ॲब्स्ट्रॅक्ट, ऑइलमध्ये केलेलं. मोठा पिवळा पृष्ठभाग, खाली गडद असं काहीतरी, त्याच्या कडा नीट कळत नाहीत. मी लिहिलं, ‘या अमूर्त तैलचित्रात रंग आणि आकार यांचा सुंदर समन्वय साधला आहे.’ मैत्रीण म्हणते, आकार म्हणजे शेप. फॉर्मला रूप म्हण. शिवाय चित्र भिंतीवर समोर टांगलेलं असताना ते अमूर्त कसं? काय लिहू?"

मैत्रिणीच्या दोन्ही शंका रास्त आहेत.

आधी ‘आकार’ घेऊ. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना हा शब्द संकल्पचित्राच्या पेपरात भेटलेला असतो. भौमितिक आकार, नैसर्गिक आकार, आलंकारिक आकार. पेन्सिलीने बाह्यरेषा काढायची, मग आत पोस्टर कलर भरायचा आणि रेषेबाहेर थेंबही जाऊ द्यायचा नाही. ‘चित्रात रंग भरणे’ हा आपला नेहमीचा प्रयोगही त्याच सवयीतला: रंग भरायचा तर आधी भरण्याजोगं काही रिकामं हवं. त्यामुळे ‘रंग आणि आकार’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी उभ्या राहतात, एक भांडं आणि एक त्यात ओतलेलं. तुम्ही वर्णन केलेल्या चित्रात तसं भांडंच नाही. गडद भागाची कड कळत नाही म्हणता, म्हणजे तिथे आकार आखून रंग भरलेला नाही. पिवळं जिथे माघार घेतं तिथे गडद सुरू होतं, एवढंच. तिथे ‘आकार’ चुकीचा ठरत नाही, पण तो लिहिला की डोळा रेषा शोधू लागतो.

आता ‘रूप’. मैत्रिणीने सुचवलेला हा शब्द मला फार आवडतो, कारण त्याच्या पोटात एक गंमत आहे. आज आपण रूप म्हणजे दिसणं, चेहरामोहरा, स्वरूप असं समजतो. न्याय आणि वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनांच्या परिभाषेत मात्र रूप म्हणजे चक्क रंग. फक्त डोळ्यांनीच कळणारा जो गुण तो रूप, अशी त्याची व्याख्या आहे. ‘तर्कसंग्रह’ हे त्या दर्शनांचं सुरुवातीचं पाठ्यपुस्तक शिकणाऱ्या प्रत्येकाने त्याचे सात प्रकार घोकलेले असतात: पांढरं, निळं, पिवळं, तांबडं, हिरवं, कपिश म्हणजे तपकिरीकडे झुकणारं, आणि सातवं ‘चित्र’. हो, चित्र हा एक रंग आहे. अनेकरंगी, ठिपक्याठिपक्यांचं, कुठल्याच एका रंगात न बसणारं ते चित्र. तो वेगळा रंग मानायचा की नाही यावर नैयायिकांत वादही झाले. चित्ता आणि चितळ ही नावं याच ‘चित्र’वरून आली, अंगावरच्या ठिपक्यांमुळे. आकाशातली चित्रा तिच्या तेजामुळे.

म्हणजे ‘चित्र’ या शब्दाला मुळात कशाची प्रतिमा असण्याची गरजच नव्हती. डोळ्यांत भरणारं, रंगीबेरंगी, उजळ एवढंच त्यात होतं. झाड किंवा माणूस न दिसणाऱ्या कॅनव्हाससमोर कुणी विचारलं, "याला चित्र म्हणायचं?" तर शब्दाच्या बाजूने उत्तर होकारार्थी आहे, आणि ते जुनं आहे.

मात्र फॉर्मसाठी ‘रूप’ वापरायला मी कचरते. आजच्या मराठीत ‘रूप’ म्हटलं की कुणाचं तरी रूप असा प्रश्न लगेच उभा राहतो: देवीचं रूप, निसर्गाचं रूप, आईचं रूप. कुणाचंच रूप दाखवायचं नाही अशा चित्राला हा शब्द घातला की वाचणारा ज्याचं रूप आहे त्याला शोधत बसतो. ‘रंगरूप’ हा जोडशब्द त्यापेक्षा बरा, त्यात दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेले आहेत. पण तो आपण माणसांच्या दिसण्यासाठी इतका वापरतो की चित्राजवळ थोडा अवघडतो.

राहिला ‘घाट’, आणि तुमच्या कामाचा शब्द मला हाच वाटतो. भांड्याचा घाट, दागिन्याचा घाट, घाटदार नाक. बाजारात तांब्या निवडताना आजी तो हातात घेऊन फिरवायची आणि म्हणायची, "घाट चांगलाय." तिला नुसती बाह्यरेषा म्हणायची नसे. पोट कुठे सुटतं, गळा कुठे आवळतो, वजन हाताला कसं लागतं, हे सगळं मिळून घाट. समीक्षेत ‘कवितेचा घाट’, ‘कादंबरीचा घाट’ हे प्रयोग रुळले ते याच बळावर. घाट सगळ्या वस्तूचा मिळून एक असतो, आणि आकार तिच्या एकेका तुकड्याचा असू शकतो. चित्रातल्या एखाद्या ठिपक्याला, पट्ट्याला, वर्तुळाला आकार म्हणा. ते सगळं ज्या रीतीने एकत्र उभं राहिलंय त्याला घाट म्हणा. चित्रकार आपसांत ‘फॉर्म’ म्हणतात, ‘टोन’, ‘टेक्श्चर’, ‘स्पेस’ म्हणतात, आणि प्रदर्शनाच्या चार ओळींत ‘फॉर्म’ लिहिलंत तरी बिघडत नाही. पण छटा, पोत, अवकाश हे शब्द ज्याच्या कानांवर आहेत त्याला ‘घाट’ परका वाटायचं कारण नाही.

दुसरी शंका ‘अमूर्त’ची. इथे थोडं रेंगाळते.

संस्कृतात ‘मूर्छ्’ हा धातू आहे. मूर्च्छा येणे हा त्याचा एक अर्थ, आणि घट्ट होणे, थिजणे, साकळणे, आकार धरणे हा दुसरा. मूर्त म्हणजे थिजून घट्ट झालेलं. मूर्ती त्यातलीच, गाण्यातली मूर्च्छनाही त्यातलीच. मूर्त आणि अमूर्त ही जोडीसुद्धा जुनी आहे. बृहदारण्यकोपनिषदात ब्रह्माची दोन रूपं सांगितली आहेत, मूर्त आणि अमूर्त, आणि वायू व अंतरिक्ष यांना अमूर्तात घातलं आहे. लक्षात घ्या, तिथे अमूर्तालाही ‘रूप’च म्हटलंय.

आता तैलरंगाकडे पाहा. आमच्या शेजारी एक चित्रकार राहायचे. त्यांच्या पॅलेटवर आदल्या दिवशी काढून ठेवलेला रंग सकाळी वरून मुका झालेला असे. सुरीचं टोक टेकवलं की वरचा पापुद्रा सुरकुतायचा, दुधावरच्या सायीसारखा, आणि फाटला की आतून ओला, चकचकीत रंग बाहेर यायचा. ते म्हणायचे, "अजून वाळला नाही." मराठीत वाळणं म्हणजे ओल निघून जाणं, कुरडया वाळतात तसं. जलरंग खरोखर वाळतो, त्यातलं पाणी उडून जातं. तैलरंगातलं जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू धरतं आणि जागच्या जागी घट्ट होत जातं, वरून आत, सावकाश. पातळ थराला काही दिवस लागतात, जाड लेपाला महिने. यासाठी थिजणं किंवा साकळणं जवळचं. म्हणजे ‘मूर्छ्’ या धातूचा मूळ अर्थ ज्याला अगदी तंतोतंत लागू पडतो, ते तैलरंगातलं चित्र. कॅनव्हासवर बोट फिरवू दिलं (देऊ नयेच) तर सुरीने ओढलेल्या रंगाचे कंगोरे हाताला लागतील. वस्तू म्हणून ते पुरेपूर मूर्त आहे. मैत्रिणीचा आक्षेप इथवर खरा.

मग ‘अमूर्त’ टाकून द्यायचा का? मी टाकणार नाही. शब्द रुळलेला आहे, वाचकाला कळतो, आणि चित्राचा विषय हातात धरता येत नाही एवढं तो नक्की सांगतो. फक्त तो चित्राचं विशेषण नसून त्यातल्या विषयाचं आहे हे मनाशी असू द्यावं. मूळ इंग्रजी शब्दात वेगळीच क्रिया आहे: ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे ओढून बाहेर काढलेलं, अर्क काढावा तसं. पीट मोंड्रियान या डच चित्रकाराने १९०८ ते १९१३ या काळात झाडं रंगवली, आणि एकेका चित्रागणिक झाडातलं झाडपण काढत काढत फांद्यांच्या नुसत्या रेषांच्या जाळ्यापर्यंत आला. ते खरं ॲब्स्ट्रॅक्शन, कारण काढून घ्यायला आधी झाड होतं. ‘अमूर्त’ या शब्दात ही काढून घेण्याची क्रिया नाही.

काही चित्रकारांकडे मुळात झाडच नसतं. वासुदेव गायतोंडे हे त्यातलं आपल्याला सर्वांत जवळचं नाव. घराणं मूळचं गोव्याचं, जन्म १९२४ सालचा, नागपूरचा, आणि १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका. ते ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हे लेबल मानत नसत. आपल्या चित्रांना ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणणं त्यांना अधिक पटे. याला मराठी कलालेखनात ‘अप्रतिरूप’ आणि ‘केवलाकारी’ असे शब्द भेटतात. अप्रतिरूप म्हणजे कशाचंही प्रतिरूप नसलेलं, आणि माझ्या मते तो या अर्थाला जास्त नेमका बसतो. ‘केवलाकारी’त पुन्हा आकार येऊन बसतो, आणि गायतोंड्यांच्या कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर तोच तर हातातून निसटत असतो. रोलरने आणि पॅलेट नाइफने त्यांनी रंगाचे थर चढवले आणि उतरवले. गेरूसारख्या किंवा शेवाळी पृष्ठभागात मधेच एखादी खूण तरंगताना दिसते, अक्षरासारखी, पण वाचता येत नाही. ती वर आहे की आत, ते ठरत नाही. रंगाच्या आतूनच ती उगवल्यासारखी असते. तिथे ‘रंग आणि आकार’ यातला ‘आणि’ कुठे ठेवायचा?

जाता जाता: न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ साली गायतोंड्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. ते संग्रहालय १९३९ साली उघडलं तेव्हा त्याचं नाव ‘म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’ होतं. ज्या शब्दाला त्यांनी पसंती दिली, तो कधीकाळी त्याच संस्थेच्या दारावर होता.

‘तैलचित्र’ शब्दाबद्दल थोडक्यात. तैल म्हणजे मुळात तिळाचं, पण तिळाच्या तेलात रंग घोटला तर तो नीट घट्ट होणार नाही, म्हणून जवसाचं तेल. ही अडचण नाही, ‘तेल’ केव्हाच सर्व तेलांचं झालं आहे. अडचण वेगळी आहे. आपल्याकडे ‘तैलचित्राचे अनावरण’ होतं, आणि ते सभागृहात लावलेल्या कुणा थोर व्यक्तीच्या चित्राचं असतं. ‘अमूर्त तैलचित्र’ वाचताना पुष्कळांच्या मनात आधी फेटा किंवा टोपी येते आणि मग ती पुसावी लागते. ‘कॅनव्हासवर तैलरंग’ असं लिहा, काम भागतं.

आता रंगाकडे, कारण तिथे मराठीची श्रीमंती हाताशी असून आपण ती वापरत नाही. नुसता ‘पिवळा’ किती रिकामा! पिवळसर म्हणजे पिवळ्याची झाक असलेलं, नितळ. पिवळट म्हणजे जुन्या कागदाचं, थोडं आजारी. दोन्हींत रंग एकच, फरक प्रत्ययात आहे. हिरवट, काळपट, तांबूस, पांढुरकं: प्रत्येकाला स्वतःचा कल आहे. ‘कांदा तांबूस होईपर्यंत परता’ यात तांबूस हा रंग आहे आणि वेळही आहे. लाल होईपर्यंत परतलात तर कांदा करपला.

याहून मोलाचं म्हणजे आपलं नपुंसकलिंग. ‘पूर्वेला तांबडं फुटलं’ असं आपण म्हणतो. काय तांबडं? आभाळ नाही, ढग नाही, ऊन नाही. नुसतं तांबडं. विशेषणाला नाम सापडलं नाही म्हणून ते अडून बसत नाही, स्वतःच नाम होतं, आणि फुटतंसुद्धा. ‘डोळ्यांपुढे काळं आलं’, ‘लांबवर हिरवं दिसतंय’. वस्तूवाचून रंगाबद्दल बोलायची ही सोय आपल्या व्याकरणातच आहे, आणि अप्रतिरूप चित्राला हेच व्याकरण हवं. ‘रंग’ या शब्दाचा बाजही तसाच आहे. संस्कृतात ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे आणि रमणेही. गाणं रंगतं, गप्पा रंगतात, माणूस कामात रंगून जातो. रंग हा वरून फासायचा असं या प्रयोगांना मुळी वाटतच नाही.

तेव्हा तुमच्या वाक्यातला ‘समन्वय साधला आहे’ हा तुकडा काढा. तो कुठल्याही चित्राखाली लावता येईल, म्हणून या चित्राबद्दल काही सांगत नाही. तुमच्या प्रश्नात मात्र तुम्ही सहज लिहून गेलात, ‘खाली गडद असं काहीतरी’. ते ठेवा. आकार, रूप, घाट या तिन्हींपेक्षा त्या जागी ते जास्त खरं आहे. मी असं लिहीन:

"कॅनव्हासवर तैलरंग. वर पिवळसर, खाली येता येता पिवळट. तळाशी गडद असं काहीतरी. जवळ गेलं तरी त्याची कड सापडत नाही. चित्राचा सगळा घाट त्या न सापडणाऱ्या कडेवर तोललेला आहे."

एक वाक्य अजून जोडता येईल, पण त्यासाठी मैत्रिणीला विचारावं लागेल: काळं पिवळ्यावर लावलंय, की पिवळं खरवडल्यावर खालून निघालंय? लावलं असेल तर लिहा, ‘पिवळ्यात काळं उतरत आहे.’ खरवडून निघालं असेल, तर ‘वर येत आहे.’