बेकारी भत्ता दिला तर माणूस काम शोधायचं सोडतो आणि देशाची वाढ मंदावते, हे संशोधनातून सिद्ध झालंय का?

तुम्ही विचारलंय की, नोकरी गेलेल्या माणसाला सरकारनं किंवा विमा महामंडळानं काही महिने पैसे दिले तर तो हातपाय हलवायचं सोडतो आणि त्याची किंमत सगळ्या अर्थव्यवस्थेला मोजावी लागते, हे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय का. मी सोलापुरात अर्थशास्त्र शिकवतो. वर्गात दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्याच घरात कुणीतरी यंत्रमागावर किंवा विड्या वळायला बसलेलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैसे मिळत असले की नवीन काम धरायला थोडा जास्त वेळ लागतो, हे खरं आहे. लॉरेन्स कॅट्झ आणि ब्रूस मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये अमेरिकेतला हिशोब मांडला. भत्त्याची मुदत एक आठवड्यानं वाढवली, तर बेकारीचा काळ सरासरी ०.१६ ते ०.२० आठवड्यानं वाढतो असं त्यांना आढळलं. म्हणजे साधारण सव्वा दिवस. लोक या आकड्याकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, फुकटचं मिळालं की माणूस बसून खातो. पण हा उशीर कशामुळे होतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याची दोन कारणं असू शकतात. काम धरलं की भत्ता बंद होणार, म्हणून माणूस काम लांबवतो, हे एक. दुसरं असं की आधी घरात दाणा नव्हता म्हणून तो मिळेल त्या कामावर तुटून पडत होता, आणि आता पोटापुरतं आहे म्हणून जरा बघून-सवरून काम धरतो. बाहेरून दोन्ही माणसं सारखीच दिसतात. राज चेट्टी यांनी ती वेगळी करायची युक्ती शोधली. नोकरी सुटताना काहींना एकरकमी पैसे मिळतात. ते एकदा हातात पडले की पडले. उद्याच नवीन नोकरी धरली तरी कुणी परत मागत नाही. म्हणजे काम लांबवण्यात फायदा काहीच नाही. तरीही असे पैसे मिळालेला माणूस जास्त वेळ घेत असेल, तर त्याचं कारण रिकामा खिसा भरला, एवढंच असू शकतं. चेट्टी यांच्या २००८ च्या अभ्यासात भत्त्यामुळे होणाऱ्या उशिरापैकी सुमारे ६० टक्के उशीर या दुसऱ्या कारणाचा निघाला. ऑस्ट्रियात तीन वर्षं नोकरी झालेल्याला त्या काळी दोन महिन्यांचा पगार एकदम मिळायचा. तिथल्या नोंदी तपासल्यावरही हेच दिसलं.

मला हे वाचून पटायला वेळ लागला नाही, कारण ते मी घरात बघितलं होतं.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. चार साचे एकटे बघायचे. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबायचा. अण्णा दोन्ही टोकं चिमटीत धरायचे, अंगठ्याच्या नखानं एक वेढा घ्यायचे आणि धागा फणीतून ओढून साचा चालू करायचे. गाठ कुठं मारली ते कापडात शोधून सापडायचं नाही. १९९० च्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. देणी मिळाली, पण कैक वर्षांनी आणि तुकड्यातुकड्यांत. त्या वेळी हातात काहीच नव्हतं. अकराव्या दिवशी किराणा दुकानदारानं उधारीची वही पुढं सरकवली, आणि बाराव्या दिवशी अण्णांनी एका मंगल कार्यालयात रात्रपाळीच्या वॉचमनचं काम धरलं. ताईच्या फीसाठी मालकाकडून उचलही घेतली.

दोन महिन्यांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून निरोप आला. तिथं जाणता विणकर पाहिजे होता आणि पगार वॉचमनच्या जवळपास दुप्पट होता. अण्णांना जाता आलं नाही, कारण उचल फिटली नव्हती. कारखानदारानं एक नवखा पोरगा लावला. अण्णा मंगल कार्यालयाच्या फाटकाशी खुर्ची टाकून सतरा वर्षं बसले. त्या नखाच्या वेढ्याचा पुढं कुणालाच उपयोग झाला नाही.

आर्थिक वाढीचा संबंध इथं येतो. डॅरॉन अॅसेमोग्लू आणि रॉबर्ट शायमर यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच मांडलं. जोखमीला घाबरणारा माणूस विमा नसेल तर लवकर मिळणारं, हलकं काम धरतो. सगळेच तसं करायला लागले, की कारखानदारही चांगल्या यंत्रांवर आणि चांगल्या जागांवर पैसा घालत नाही, कारण त्या जागांसाठी थांबायची ऐपत कुणाकडेच नसते. बेताचा बेकारी विमा असला तर बेकारी थोडी वाढते, पण कामाची प्रत सुधारते आणि एकूण उत्पादनही वाढू शकतं. हे गणिती प्रतिमानातलं आहे. प्रत्यक्षात मोजायला गेलं तर चित्र एवढं स्वच्छ येत नाही. ऑस्ट्रियात मुदत नऊ आठवड्यांनी वाढवल्यावर नंतरच्या नोकरीतला पगार अर्ध्या टक्क्यानं वाढलेला दिसला. जर्मनीत मुदत वाढवल्यावर तो किंचित घटला, कारण फार काळ घरी बसलेल्या माणसाला मालक कमी बोली लावतो. म्हणून ‘भत्त्यानं चांगली नोकरी मिळतेच’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. मात्र ‘भत्त्यानं वाढ मंदावते’ हे त्याहून कच्च्या पायावर उभं आहे.

वाढीविरुद्धचा एक मुद्दा मात्र गंभीर आहे. राव अय्यगारी यांनी १९९४ मध्ये दाखवलं की अडचणीच्या भीतीनं माणसं जास्त साठवतात आणि त्यातून भांडवल जमतं. विमा दिला की भीती कमी होते, साठवण कमी होते. पण त्यांच्याच हिशोबात हा परिणाम माफक निघाला. आणि आमच्याकडे ही भीतीपोटीची साठवण जाते कुठं? भिशीत, डाळ-तांदळाच्या डब्यात, गळ्यातल्या चार मण्यांत. त्यातून कारखाना उभा राहत नाही. वेळ आली की ती सराफाकडे गहाण पडते.

मंदीत विम्याचा आणखी एक उपयोग होतो. जोनाथन ग्रुबर यांनी १९९७ मध्ये काढलं की अमेरिकेत नोकरी गेल्यावर अन्नावरचा खर्च सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास घटतो. भत्ता नसता तर तो २२ टक्क्यांनी घटला असता. ही मधली तफावत म्हणजे कुणाचातरी धंदा. गिरणी बंद पडली तेव्हा मधल्या मारुतीच्या बाजारात आणि चाटी गल्लीत शुकशुकाट कसा पसरला, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजावायला नको. शिवाय हजारो माणसं एकदम रस्त्यावर आली असताना एकानं काम शोधण्यात ढिलाई केली तरी ती जागा रिकामी राहत नाही, रांगेतल्या दुसऱ्याला मिळते. म्हणून मंदीत भत्ता जास्त उदार हवा, असं लॅन्डे, मिशाया आणि साएझ यांचं म्हणणं आहे. २००८ नंतर अमेरिकेत मुदत खूप वाढवली, त्यावर मात्र अजून वाद आहे. एका गटाला त्यामुळे बेकारी बरीच वाढलेली दिसते, दुसऱ्याला जवळजवळ नगण्य. मला दुसऱ्या गटाची पद्धत जास्त भरवशाची वाटते.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. बेकारी विमा आमच्या घरात होता. त्याचा हप्ता आई भरत होती.

अण्णांची गिरणी चालू असताना आई दिवसाला पाचशे विड्या वळायची. गिरणी बंद पडल्यावर हजार. रात्री तेंदूची पानं पाण्यात भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायची, पहाटे पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायची ते संध्याकाळपर्यंत. बोटांची टोकं काळी पडलेली असायची आणि भाकरीला तंबाखूचा वास यायचा. दहावीच्या वर्षी ताई शाळेतून आली की दोरा गुंडाळायला बसायची. त्या वर्षी ती नापास झाली, पुन्हा बसलीच नाही.

ज्युली कलेन आणि ग्रुबर यांनी २००० मध्ये एक अभ्यास केला: नवऱ्याची नोकरी गेली आणि भत्ता भरीव मिळाला, तर बायको कमी काम करते. काहीजण हे भत्त्याचं नुकसान म्हणून वाचतात, कारण एकूण श्रम घटले. मी ते उलट वाचतो. भत्ता नसला की तोच भार बायकोच्या पाठीवर जातो, आणि आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तो मुलीच्या शाळेवरही गेला. शिकून पुढं ताईनं जे कमावलं असतं, ते कुठल्या वाढीच्या आकड्यातून वजा होतं? कुठल्याच नाही.

भारतात असा विमा अजिबात नाही, असं मात्र समजू नका. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे. ती कारखाना बंद पडणं किंवा कामगार कपात अशा कारणांसाठी. जुलै २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. सुरुवातीला तिच्यात सरासरी रोजाच्या २५ टक्के मिळायचे, २०२० च्या टाळेबंदीत ते ५० टक्के केले. मिळतात ते जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. महिना १५,००० पगार असेल तर रोज ५०० धरा. त्याचे निम्मे २५०, नव्वद दिवसांचे २२,५००. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत २६ आठवडे मिळतात. अकराव्या दिवशी वही पुढं सरकवणाऱ्या दुकानदाराला थोपवायला २२,५०० पुरले असते, एवढं मात्र मी नक्की सांगतो.

अडचण कुंपणाची आहे. ईएसआयसाठी साधारण दहा माणसं कामाला असावी लागतात आणि पगार २१,००० च्या आत. सोलापुरात कितीतरी यंत्रमाग कारखाने आठ-नऊ माणसांचे आहेत, आणि काही ठिकाणी एकाच छपराखाली वेगवेगळ्या नावांच्या पाट्या आहेत, म्हणजे कागदावर प्रत्येक कारखाना दहाच्या आत. घरात बसून विड्या वळणारी बाई तर या कुंपणाच्या पार बाहेर. त्यामुळे ‘भत्त्यानं लोक आळशी होतील’ ही चिंता आमच्या शहरात ज्यांना भत्ता मिळूच शकत नाही त्यांच्याबद्दल केली जाते.

अशा असंघटित कामगारांच्या देशात भत्ता दिला तर लोक चोरून काम करतील आणि भत्ताही घेतील, अशी शंका असते. ब्राझीलबद्दल फ्रान्स्वा जेरार आणि गुस्ताव्हो गोन्झागा यांनी ती तपासली. भत्ता नसतानाही बहुतेकांना नोंदणीकृत नोकरी लवकर मिळत नव्हतीच, त्यामुळे भत्त्यामुळे होणारा तोटा कमी निघाला.

आपल्या राज्यानं दुसरा रस्ताही शोधला होता. १९७२ च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्याकडे माणसं खडी फोडत होती. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला. पुढं २००५ चा देशाचा कायदा आला. त्यावरच्या इंबर्ट आणि पॅप यांच्या अभ्यासात खाजगी मजुरीचे दर पावसाळ्याआधीच्या कोरड्या काळात सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. पाठीशी काहीतरी आहे म्हटल्यावर मजूर पडेल त्या दराला हो म्हणत नाही. पण ही हमी गावासाठी होती. यंत्रमागावरच्या माणसाला तिचा उपयोग नव्हता.

शेवटी कामाची गोष्ट. तुमच्या घरात कुणाच्या पगारातून ०.७५ टक्के ईएसआय कापला जात असेल, विमा दोन वर्षं झाला असेल आणि नोकरी गेली असेल, तर अटल योजनेचा अर्ज थेट करता येतो, मालकाच्या सहीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. आधीच्या अंशदान काळात, म्हणजे विम्याचा हप्ता भरण्याच्या सहामाहीत, किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं असावं लागतं आणि अर्ज नोकरी गेल्यावर तीस दिवसांनंतर करायचा. योजना मुदतवाढ घेत घेत चालत आली आहे, म्हणून सध्याची मुदत आधी ईएसआयच्या कार्यालयात विचारून घ्या. माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या वडिलांचे अर्ज मी सोबत बसून भरलेत. कुठं अडलं तर इथंच खाली लिहा, मी बघून सांगेन.