चोचीवर जाऊ नका

प्रश्न : आमची शेती पेणजवळ आहे. लावणीच्या दिवसांत खाचरांत पांढऱ्या बगळ्यांची झुंबड उडते. पुस्तकात मध्यम बगळ्याची चोच पिवळी दाखवली आहे, आमच्याकडच्यांची मात्र काळी. मग हे छोटे बगळे समजायचे का? त्यांच्यातच नारिंगी डोक्याचेही काही असतात. धरमतरच्या खाडीवर तर पाटीच्या रंगाचा बगळा दिसतो. तीन फोटो पाठवत आहे.
– एक वाचक, पेण

उत्तर : पहिल्या फोटोतला पक्षी मध्यम बगळाच आहे. पुस्तकातल्या चित्रकाराने तो बिगरहंगामात रंगवला, तुम्ही विणीच्या हंगामात टिपला, एवढाच फरक. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुमारास मध्यम आणि मोठा या दोन्ही बगळ्यांची पिवळी चोच काळी होते. म्हणून जुलैत चोचीच्या रंगावरून नाव ठरवायला गेलात की फसलात!

पाय बघा. छोट्या बगळ्याची नडगी काळी आणि बोटं पिवळीधमक. उथळ पाण्यात एक पाय थरथरवून तो मासळी उठवतो, तेव्हा तो पिवळा रंग चटकन नजरेत भरतो. पण खाचरात बोटं चिखलात, आणि वाचकांचे निम्मे फोटो असेच येतात! अशा वेळी शेंडी शोधा. विणीच्या काळात छोट्याच्या मानेमागे दोन लांब, बारीक पिसं लोंबतात. मध्यम आणि मोठ्याला ती येत नाहीत, त्यांची झालर पाठीवर. मध्यमच्या छातीवरही ती असते. तुमच्या फोटोत छातीवरची पिसं वाऱ्यावर पिंजारलेली स्पष्ट दिसतात.

राहिला मध्यम की मोठा हा घोळ. मोठा बगळा ९०-१०० सेंटिमीटर, मध्यम त्याहून बराच लहान. पण एकट्या उभ्या पक्ष्याचं माप डोळ्यांनी घेता येत नाही, भलेभले चुकतात. माझा भरवसा जिवणीवर. चोचीच्या फटीची रेघ गालावर कुठवर जाते ते बघायचं. मध्यमची डोळ्याखाली संपते, मोठ्याची डोळ्याच्याही मागे जाते. फोटो मोठा करून पाहिला, रेघ डोळ्याखालीच थांबली आहे. प्रश्न मिटला.

नारिंगी डोक्याचे ते गायबगळे. मान आखूड, हनुवटी जराशी फुगीर. विणीच्या काळात डोकं, मान, छाती नारिंगी होते, एरवी पक्षी पांढराशुभ्र आणि चोच पिवळी. मासळीपेक्षा किड्यांवर जास्त डोळा, म्हणून गुरांमागे फिरतो. आता गुरं कमी झाली तर पॉवर टिलरच्या मागे. त्याला नांगर कोण ओढतंय याच्याशी देणंघेणं नाही, ढेकूळ उलटल्याशी मतलब.

खाडीवरचा पाटीच्या रंगाचा तो समुद्र बगळा. गळ्याशी पांढरा ठिपका असतो, तो तुमच्या दुसऱ्या फोटोत दिसतोच आहे. गंमत म्हणजे हाच पक्षी पांढऱ्या रूपातही असतो आणि तेव्हा छोट्या बगळ्याशी हमखास गल्लत होते. त्याची चोच जाड, पिवळसर तपकिरी आणि टोकाकडे किंचित वाकलेली असते, छोट्याची सुईसारखी सरळ आणि काळी. ओहोटीला चिखल उघडा पडला की दोघं शेजारी शेजारी चरतात, तेव्हा ताडून बघा.

तिसऱ्या फोटोखाली तुम्ही ‘उडणारा मोठा बगळा’ असं लिहिलंय. तो बगळा नव्हे. बगळा उडताना मान मुडपून खांद्यात घेतो, याची मान पुढे ताठ आहे आणि पंखांची मागची कड काळी. हा मुग्धबलाक, करकोच्यांपैकी. खाचरातल्या गोगलगायी खायला येतो. पुढच्या वेळी बसलेला सापडला तर चोच बघा, मिटली तरी मध्ये फट राहते.