भाचीला पत्र: हँडल आवळू नको

पोरी,

तुहा व्हिडिओ पाह्यला. मी दोनदा पाह्यला, मंग मामीनं फोन हिसकला अन् तिनं पाह्यला, अन् तिचं एकच म्हणणं का पोरगी गाडीवर अशी काहून बसली जशी दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसली. बरोबर आहे तिचं. नागपूरच्या त्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर तू शंभर फूट गेली, पडली नाही, शाब्बास, पण हँडल असं आवळलं होतं का तुह्या बोटाचे हाडं मले इथं आर्वीत बसून मोजता येत होते. संक्रांतीले गाडी घेऊन येतो म्हणते ना, तं त्याच्या आधी हे लिहून ठेवतो, कारण इथं आल्यावर तू माहं ऐकणार नाही, गाडी चालू झाली का तुहे कान बंद होते.

हिरोची सेकंडहँड एक्सपल्स घेतली ते चांगलं केलं. लोक म्हणतीन ही काही खरी डर्ट बाईक, म्हणजे माती-गोट्यात चालवाची गाडी, नाही. हाव, नाही. खरी म्हणजे कावासाकीची केएक्स नाही तं यामाहाची वायझेड, अडीचशे सीसीची असून ११० किलोच्या आत-बाहेर भरते, पण तिले ना हेडलाइट ना इंडिकेटर ना पासिंग, रस्त्यावर काढताच येत नाही, टेम्पोत घालून ट्रॅकवर न्या लागते. तुही गाडी १५० किलोच्या वर आहे पण समोरचं चाक २१ इंची, मागचं १८, पोटाखाली २२० मिलिमीटर जागा, आपल्या पांदणीले, वावराकडच्या कच्च्या वाटेले, लय झालं. फक्त सीट उंच, ८२५ मिलिमीटरच्या आसपास, अन् तुले दोन्ही पाय टेकत नाही म्हणून तू अर्धी तिथंच घाबरून रायली. दोन्ही पाय टेकवाची गरजच नाही. थांबताना सीटवर एका बाजूले सरकाचं, डावा पाय पूर्ण टेकवाचा, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवाचा. थांबाच्या आधी जागा पाहाची मात्र, कारण डाव्या बाजूले खोलगट असलं अन् पाय हवेत गेला तं दीडशे किलो तिकडंच जाते, मंग मारुती आला तरी धरत नाही.

आता हाताचं, अन् हेच मले सांगाचं आहे, बाकी सगळं मागून येते.

१९९८ ची गोष्ट आहे, मी तेव्हा तुह्याएवढा. एका दोस्ताची आरएक्स १०० मागून आणली होती अन् आपल्या वावराकडच्या पांदणीनं निघालो. पावसाळा सरला होता, बंडीच्या चाकांनी चिखलात ज्या चाकोऱ्या पाडल्या होत्या त्या वाळून सिमेंटसारख्या झाल्या होत्या. समोरचं चाक गेलं चाकोरीत. मले वाटलं बाहेर काढा लागते, म्हणून दातओठ खाऊन हँडल ओढलं, तं चाक चाकोरीच्या भिंतीवर अर्धं चढलं अन् घसरलं, गाडी इकडं अन् मी तिकडं बोराटीत. खांद्याजवळचं हाड मोडलं. बाबानं मले पाह्यलं, मंग गाडी पाह्यली अन् पयला प्रश्न, गाडी कोणाची आहे.

दीड महिना हात गळ्यात घालून ओसरीत बसलो होतो तेव्हा आमच्याकडं एक म्हातारा सालदार होता, जवानीत तो शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा धुरकरी होता, तळेगाव दशासरच्या पटात जोडी हाकली म्हणे त्यानं. तो म्हणे, तू कासरा ताणून धरला असशीन. मी म्हटलं बाबा गाडीले कासरा नसते. तो म्हणे असते, तुह्या हातात असते, कासरा ताणला का बैल वाकडा जाते, ढिला सोडला का बैल त्याची वाट त्याचा पाहून घेते, धुरकऱ्यानं पायानं धराचं अन् हातानं फक्त सांगाचं. (२०१४ ले कोर्टानं पट बंद केले अन् २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी भेटली, पण तो बिचारा बंदीतच गेला.)

मले हे समजाले पुढचे दोन वर्ष लागले. गोट्यावर चढलं का समोरचं चाक डावी-उजवीकडं हालनच, ते हालाचंच असते, गाडी चालू असली का ते आपलं आपण सरळ होते, त्याची बनावटच तशी आहे. तू हात कडक केले तं तू त्या चाकाले सरळ होऊ देत नाही, अन् वरून प्रत्येक धक्का चाकातून हातात, हातातून खांद्यात. दुसरं याहून वाईट. धक्का बसला का अंग मागं जाते, मुठीनं हँडल आवळलेलं असते म्हणून मनगट मागं पिळलं जाते, म्हणजे अॅक्सिलेटर वाढते, गाडी झेप घेते, अंग आणखी मागं, अॅक्सिलेटर आणखी वाढते. नवीन पोट्टे झाडावर जाऊन आदळते ते असंच, अन् मंग म्हणते का गाडीच पळाली. म्हणून डाव्या हाताचं एक बोट कायम क्लचवर. काही समजेनासं झालं का क्लच दाब, बाकी काही करू नको.

मंग गाडी धराची कशानं? गुडघ्यानं. पेगवर, म्हणजे पाय ठेवाच्या दांडीवर, उभी राह्य, गुडघे थोडे वाकवून टाकीले चिकटव, कंबरेतून थोडी समोर वाक, कोपरं बाहेर. हात असे पाहिजे का हँडलवर चिमणीचं पिल्लू धरलं. उभं राहाचं ते स्टाइल माराले नाही, बसली असशीन तं गाडी उसळली का तू पण उसळते, उभी असशीन तं तुहे गुडघे शॉकअपचं काम करते अन् गाडी तुह्या खाली नाचते. तू डकार रॅलीचे व्हिडिओ पाठवत रायते ना, आपल्या हरिथ नोआनं २०२४ मध्ये रॅली २ गटात पयला नंबर काढला ते, आता ते स्पीडसाठी पाहू नको, त्याचे कोपरं अन् गुडघे पाह्य.

अन् नजर. व्हिडिओत तू समोरच्या चाकाकडं पाहून रायली होती. तिथं काय ठेवलं आहे? ज्या गोट्याकडं पाहशीन त्याच गोट्यावर जाशीन. पंधरा-वीस पावलं दूर पाहाचं, वाट कुठं जाते ते पाहाचं. चाकोरीत पडली तरी चाकोरीच्या टोकाकडं पाह्य अन् चालू दे तिले चाकोरीतच, बाहेर काढाची खटपट मी केली होती, निकाल वर सांगितलाच.

येण्याच्या आधी एक काम मेकॅनिककडून करून घे, नाही तं इथं मी करतो, पाना लागते फक्त. क्लच अन् ब्रेकचे दांडे थोडे खाली फिरवून घेजो, उभं राह्यल्यावर मनगट सरळ राह्यलं पाहिजे. अन् त्याचे बोल्ट एकदम कचकचून आवळू नोको, हातानं जोर लावला तं दांडा फिरला पाहिजे, म्हणजे गाडी पडली का तो मोडत नाही, फक्त फिरते. पडणार तं तू आहेच.

पयला दिवस आपण पांदणीवर जाणारच नाही. गावामागं मुरमाड बरड आहे, तिथं दोन पोते ठेवतो अन् तू पयल्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या स्पीडनं त्याच्याभवती आठचा आकडा काढाचा. इंग्रजी आठ, आपला ८ नाही, नाही तं सरळ निघून जाशीन वावराच्या बांधावर, धुऱ्यावर. हे बोअर आहे, मले माहीत आहे. पण हळू चालवणं हेच कठीण आहे, जोरात तं कोणीही चालवते. वळताना अंग सरळ ठेव, गाडी वाकव, बाहेरच्या पेगवर वजन टाक. समोरचा ब्रेक मुरमावर वळताना दाबला का चाक खालून निघून जाते, म्हणून एकच बोट, तेही सरळ असताना. मागचा ब्रेक मुद्दाम जाम करून पाह्य, मागचं चाक घसरते ते कसं वाटते ते एकदा अंगाले समजलं का मंग भ्या वाटत नाही.

पडली तं पयले किल स्विच, इंजिन बंद कराचं बटन, दाब. मंग पाय गाडीखालून काढ, सायलेन्सरले हात लावू नोको. उचलताना वाकून हातानं ओढली तं कंबर जाईन, गाडीकडं पाठ कर, हँडल खालच्या बाजूले पूर्ण वळव, सीटले पाठ टेकवून उकिडवी बस अन् पायाच्या जोरानं मागं मागं चाल. उजव्या बाजूवर पडली असन तं आधी स्टँड काढून ठेव, नाही तं उचलून डावीकडं पाडशीन. मी केलं आहे ते पण, लोकांसमोर.

मंग दुसऱ्या दिवशी पांदण. आता आपली काळी माती तुले शाळेत शिकवली असन, कापसाची म्हणून. कोरडी असली तं चांगली, ओली असली तं तिच्यावर गाडी घालाचीच नाही. जानेवारीत पाऊस नसते पण लोकाचं हरभऱ्याचं, गव्हाचं ओलित चालू असते, पाइप फुटला का पांदणीत पाणी. दुरून साधा ओला डाग दिसते, आत गेली का माती टायरले चिकटते, मडगार्डमध्ये ठासून बसते अन् चाक फिरणंच बंद होते, इंजिन चालू अन् गाडी जागेवर. खऱ्या डर्ट बाईकचं मडगार्ड इतकं वर असते ते उगाच नाही. आपण उतरून, काडीनं माती काढत काढत, शिव्या देत घरी. त्याच्यापेक्षा धुऱ्याच्या कडेनं पाहून घे, पण कोणाच्या पिकातून नाही.

नाल्यात रेती लागन. दुसरा गिअर, उभी राह्य, वजन थोडं मागं, अॅक्सिलेटर एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. गाडी सापासारखी हालन, हालू दे, हात ढिले. मधातच घाबरून अॅक्सिलेटर सोडला का समोरचं चाक रेतीत घुसते अन् तू हँडलवरून पलीकडं. फसली तं रेस देऊन खड्डा करू नोको, उतर, पयल्या गिअरमध्ये गाडीच्या बाजूनं चालत काढ. ट्रॅक्टरवाल्यांनी रेती नेऊन खड्डे केले आहे, म्हणून आधी नाला पायी पाहून घेऊ. टेकडीचं आत्ताच नाही, ते मार्चमध्ये.

टायरची हवा मागं २० पीएसआय अन् समोर १८ करू, रस्त्यावर २५-२८ असते तेवढी नाही पाहिजे, टायर थोडा पसरला तं पकड येते. त्याहून कमी नाही, तुह्या टायरमध्ये ट्यूब आहे, गोट्यावर रिमनं ट्यूब चिमटली का दोन भोकं एकदम. पंप अन् एक ट्यूब सोबत ठेवतो, हिवराच्या काट्यानं अन् तुरीच्या धसकटानं मले लय वेळा पायी आणलं आहे.

हेल्मेट आयएसआयचं, ते कॉलेजचं टोपलं नाही. घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे, गुडघ्याचे गार्ड. मी सुरुवातीले पोट्ट्यांचे क्रिकेटचे पॅड बांधून चालवली, चालते, फक्त गावभर हसते.

कुंपणाचं मात्र मजाक नाही. रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगाय, येते म्हणून लोकांनी वावराले तार बांधली आहे, कुठं करंटचा झटका देणाऱ्या मशीनची, अन् काही ठिकाणी ती पांदणीच्या तोंडाशी आडवी असते, सकाळी धुक्यात दिसत नाही. म्हणून आठच्या आधी निघाचं नाही, अन् दिवस बुडाच्या आधी घरी. जंगल खात्याच्या हद्दीत तं अजिबात नाही, बोर व्याघ्र प्रकल्प काही लय दूर नाही अन् वाघाले हद्द समजत नाही.

अन् बंडी आली का गाडी बंद कराची, बैल बुजते. कापूस फुटलेल्या वावराजवळून जाताना हळू, धूळ बोंडावर बसली का भाव पाडून मागते व्यापारी, अन् मंग ते शिव्या मले देते, मामा म्हणून.

तुह्या आईले तू सांगितलं का? मी नाही सांगत, तुह्यात अन् तिच्यात पाह्य. स्टँड काळ्या मातीत घुसून गाडी पडू नये म्हणून खाली ठेवाले सागाच्या फळीचा एक तुकडा कापून ठेवला, त्याले भोक पाडून दोरी पण बांधली, म्हणजे वाकाची गरज नाही.

तुहा मामा