लाईट आली की पीसी आपोआप चालू होतो?

लगेच विंडोज फॉरमॅट मारायला बसू नकोस. खानापूरकडं पावसाळ्यात लाईट जाते-येते, आणि तुझा पीसी नेमका लाईट आल्यावरच सुरू होतो म्हणतोस. मग आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा. पॉवरच्या भागात ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तसंच काहीतरी सापडेल. ते ‘पॉवर ऑफ’ कर. तिथंच वेक ऑन लॅनही (नेटवर्कवरून पीसी चालू करायची सोय) बंद कर. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

काम करताना मध्येच रिस्टार्ट होत असेल तर गोष्ट वेगळी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी एरर दिसेल, पण त्यानं घाबरू नको; नीट शटडाऊन झालं नाही एवढंच तो सांगतो, कारण नाही. विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ सेटिंगमध्ये सिस्टीम फेल्युअरखालचा ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’चा टिक काढ, म्हणजे विंडोज कोसळल्यावर येणारी निळी स्क्रीन वाचता येईल. निळी स्क्रीन न येताच बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणारा डबा) किंवा तापलेल्या प्रोसेसरवर. फॅनमधली धूळ काढ, पण आधी वायर उपस. एसएमपीएस मात्र उघडायचा नाही, बंद असला तरी आतले कपॅसिटर झटका देतात. दुसऱ्याचा नीट चालणारा एसएमपीएस मागून आणून लावून बघ की, नवा घ्यायची घाई कशाला!

आणि कॅबिनेटचं बटण अडकतंय का, तेही बघ.