कालवे ‘आढळली नाहीत’ म्हणजे काय?

प्रश्न : खाडीच्या तळातून वायुवाहिनी नेण्याच्या एका प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल वाचनात आला. ‘एका दिवसाच्या पाहणीत जिवंत कालवे लक्षणीय संख्येने आढळली नाहीत’ एवढ्या एका वाक्यावर त्यात कालवांचा (ऑयस्टर, म्हणजे शिंपल्यात राहणारा खाद्य जलचर) विषय संपविला आहे. यावरून निष्कर्ष काढता येतो का? कालवांची मोजणी करतात तरी कशी?

उत्तर : येत नाही. जिवंत कालवांइतकाच ती ज्यावर वाढतात तो तळही मोजायचा असतो. कालवाची अळी दोन ते तीन आठवडे पाण्यात तरंगते आणि मग एखाद्या टणक पृष्ठभागाला, शक्यतो दुसऱ्या कालवाच्याच शिंपीला, जन्मभरासाठी चिकटते. त्यामुळे एखाद्या वर्षी पुराने पाणी फार गोडे होऊन सगळी कालवे मेली, तरी शिंपल्यांचा थर शाबूत असल्यास पुढच्या हंगामात तेथे पुन्हा वस्ती होऊ शकते. तो थरच चर खणताना उपसला गेला किंवा गाळाखाली गाडला गेला, तर अळ्यांना टेकायला जागा उरत नाही. अहवालातील ‘जिवंत’ हा शब्द मला खटकतो तो यामुळे.

रीतसर पाहणीत प्रथम साइड-स्कॅन सोनारने (ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र काढणाऱ्या यंत्राने) तळाचा नकाशा करतात. सोनारला टणक आणि मऊ यांतला भेद कळतो, पण खडी आणि शिंपले यांत त्याची फसगत होऊ शकते. म्हणून उथळ पाण्यात होडीतून लांब काठी तळाशी टोचून पाहण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते : चिखलात काठी मुकाट रुतते, शिंपल्यांवर ती खरखरते आणि तो फरक हाताला लगेच जाणवतो. असा तळ सापडला की पाणबुड्या ठरावीक मापाची, उदाहरणार्थ १ चौरस मीटरची, चौकट ठेवून तिच्यातील सारे वर आणतो. मग प्रत्येक शिंपला धुऊन, उलटसुलट करून त्याला नखाएवढी पिल्ले चिकटली आहेत का, हे पाहावे लागते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २५ मिलिमीटरपेक्षा लहान ते पिल्लू आणि ७५ मिलिमीटर व त्यापुढचे ते विक्रीयोग्य, अशी वर्गवारी आहे. बिजागरीशी जोडलेल्या, पण आतून रिकाम्या शिंपांच्या जोड्या वेगळ्या मोजतात, कारण मरण अलीकडचे असल्याची ती खूण असते.

केवळ वाहिनीच्या रेषेवर पाहणी करूनही भागत नाही. उपसलेला गाळ भरती-ओहोटीबरोबर दोन्ही दिशांना जातो. शिवाय त्याची झळ न पोहोचणाऱ्या दूरच्या काही जागाही कामाआधी आणि कामानंतर त्याच पद्धतीने मोजाव्या लागतात. नाही तर पुढे झालेली हानी गाळाने, पुराने की रोगाने, हे ठरविताच येत नाही आणि भरपाईचा वाद तेथेच अडतो.

तुम्ही अहवालाची परिशिष्टे मागवा आणि चौकटी किती टाकल्या, नकाशावर कोठे, कोणत्या महिन्यात, तसेच रिकाम्या जोड्यांची नोंद झाली आहे का, एवढे तपासा.